वाढत्या अंगाचे टायर

मापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही! हे मी नाही म्हणत, बावीस वर्षांच्या वह्या म्हणतात. शाळेचे गणवेश शिवणं हा आमचा घरचा धंदा. मी शाळांत जाऊन मापं घेतो, बायको कापड बेतून शिवते आणि आई बटणं लावते. पोरगं वर्गाच्या दारातून आत आलं की मी लांबूनच सांगतो, "छाती सव्वीस, लांबी एकोणीस." टेप लावतो तो केवळ बाईंच्या समाधानासाठी.

आमच्या घरात मापाचा एक नियम आहे. मी वहीत लिहितो ते अंगाचं माप, जसंच्या तसं. त्यात दोन इंच वाढवायचे ते बायकोने, कापताना. पोरं वाढतात हो! वर्षाच्या सुरुवातीला शिवलेला शर्ट परीक्षेपर्यंत बेंबी दाखवायला लागला की पालक थेट आमच्या दारात. म्हणून दोन इंच, वाढत्या अंगाचे. हे दोन इंच कुठे लिहायचे नसतात, ते घरात सगळ्यांना ठाऊक असतात. आईचं म्हणणं तर असं की, दोन इंचांनी काय होतंय, चार सोडा! त्यावरून सासू-सुनेची वर्षातून दोनदा तरी जुंपते.

हे सगळं नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता गेंड्याबद्दल. गेंडा म्हणजे आमची एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, मधे सीट आणि मागे-पुढे सामान बांधायला लोखंडी जाळी. डोंगरातल्या शाळांना गणवेशाचे गठ्ठे पोचवायला घेतली होती. नवी होती तेव्हा चिखलातून सरळ धावायची. पण सहा वर्षांत टायरांची नक्षी झिजली, टायर झाले गुळगुळीत, आणि चिखल दिसला रे दिसला की गेंडा तिथेच बसकण मारायला लागला.

तेवढ्यात बटणमावशीचा निरोप आला.

बटणमावशी ही आईची मैत्रीण. दोघींनी आमच्या पुढच्या खोलीतल्या खिडकीत बसून सव्वीस वर्षं बटणं लावली. शर्टाला सात बटणं. मावशी कॉलरकडून सुरू करायची, आई खालून. दोघी एकाच शर्टावर! मधलं चौथं बटण जिच्या हाताला आधी लागेल तिचं, आणि त्यावरून रोज भांडण. तीन वर्षांपूर्वी मावशी डोंगरापलीकडे आपल्या घरी राहायला गेली. तेव्हापासून दोघींचे गुडघे आणि डोंगराची वाट यांचं काही जमेना. आता मावशीचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे नेणार होता, दोन दिवसांच्या प्रवासावर. त्याची गाडी रविवारी दुपारी एक वाजता निघणार होती.

निरोप ऐकून आई खिडकीत जाऊन बसली आणि एका शर्टाला आठ बटणं लावली. आई असं कधी चुकत नाही.

पलीकडे जायला डांबरी रस्ता आहे, पण तो अख्ख्या डोंगराला वळसा घालून जातो. बसने पाच तास, आणि आईला बस लागते. दुसऱ्या थांब्यापर्यंतसुद्धा ती माणसात राहत नाही. उरली डोंगरावरची वाट, आणि तिच्यावर चालेल असं वाहन एकच.

"आई," मी छाती पुढे काढून म्हणालो, "गेंड्याला नवे टायर घालतो. मोठे! रविवारी अकराला निघू, बाराच्या ठोक्याला मावशीच्या दारात!"

"नक्की?"

"मापात आणि शब्दात मी चुकत नाही."

बायकोने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. ती मशीन उगाच थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याकडे गेलो. चार रात्री व्हिडिओ बघून मी टायरांतला पंडित झालो होतो.

"कसले देऊ?" त्याने विचारलं.

"सगळीकडे चालणारे!"

"सगळीकडे म्हणजे?"

"चिखल, खडी, डांबर, गवत, ओढा आणि वाळू."

"साहेब, चिखलाचे घेतलेत तर डांबरावर दात खिळखिळे होतील. डांबराचे घेतलेत तर चिखलात लोळाल. आणि वाळू कुठाय इकडे?"

"नाहीये. पण उद्या लागली तर?"

त्याने आतून एक टायर गडगडत आणला. "हा घ्या, मधला. कशात पहिला येणार नाही, पण कशात नापासही होणार नाही."

मला टायर एकदम जवळचा वाटला. शाळेत मी असाच होतो.

"पण मोठा हवा," मी म्हणालो. "आमचे चोवीस इंची आहेत."

"मग सव्वीस घ्या. दोन इंच वाढवता येतात. त्याच्या पुढे गेलात तर मडगार्डला घासतील, चढाला इंजिनाला दम लागेल आणि बसायला शिडी लागेल."

मी खदाखदा हसलो. माणूस मोठा विनोदी आहे, असं मला तेव्हा वाटलं.

तरी तिथल्या तिथे मी मागणी नोंदवली नाही. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर आमच्या घरात कात्री चालत नाही! घरी आलो, गेंड्यासमोर गुडघे टेकले, चाकाच्या चहूबाजूंनी टेप फिरवला. सव्वीस बरोब्बर बसत होते. वही काढली आणि तिसरीच्या आणि चौथीच्या वर्गाच्या मधे सुवाच्य अक्षरात लिहिलं: "गेंडा. चारही. २६."

मग चाकं काढून टायरवाल्याकडे पाठवली, गेंड्याला विटांवर बसवलं आणि बसने तीन दिवसांच्या शाळांच्या फेरीवर निघालो. जाता जाता बायकोला ओरडून सांगितलं, "माप वहीत आहे गं! टायरवाल्याला फोन करून कळव!"

जुने टायर फुकट जाऊ नयेत म्हणून मी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना देऊन टाकले, झोपाळ्यांसाठी. बाई इतक्या खूश झाल्या की शनिवारी सकाळी स्वतः दुकानात जाऊन घेऊन गेल्या. मला फार उदार वाटत होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता दारात टेम्पो थांबला. मी दात घासत बाहेर आलो. टायरवाला आणि ड्रायव्हर मिळून काहीतरी काळंकाळं, गोल आणि अवाढव्य उतरवत होते. मला वाटलं, शेजाऱ्यांनी पाण्याच्या टाक्या मागवल्या.

"शेजारच्या घरी द्या हो ते!" मी तोंडातल्या फेसातून ओरडलो.

"तुमचेच आहेत साहेब! तीस इंची!"

फेस गिळला गेला.

"तीस?"

"तीस."

"मी सव्वीस लिहिले होते!"

"मला काय माहीत तुम्ही काय लिहिलंत? मला फोनवर वहिनींनी अठ्ठावीस सांगितले. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. म्हणून खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तर तुमच्या मातोश्री म्हणाल्या, तीस! एकदा विचारलं तर दोन इंच वाढले. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही."

मी घरात धावलो. "अगं, अठ्ठावीस कुणी सांगितले?"

"मी," बायको म्हणाली. "तुम्ही सव्वीस लिहिले होते. त्यात दोन घातले."

"का?"

"का म्हणजे? वहीत अंगाचं माप असतं!"

"टायरला अंग असतं का?"

"वहीत होतं ना!"

बावीस वर्षांचा नियम मीच घातलेला. मी आईकडे वळलो.

आई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, मांडीवर पिशवी घेऊन सात वाजल्यापासून तयार बसली होती. "फोनवर तो म्हणाला, अठ्ठावीस नक्की का? मी ओळखलं, हिने दोनच सोडले असणार. हिचा हात आखडताच. म्हटलं, तीस दे बाबा. घेतोच आहोत तर वाढत्या अंगाचे घ्यावे."

"आई! टायर वाढतात का?"

"टायर नसतील वाढत. मी वाढतेय ना! गुडघे धरल्यापासून आठ किलो वाढले."

"आणि काय हो," बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गेंड्याचं मूळ माप चोवीस. त्याचे सव्वीस तुम्ही केलेत, ते कुणाच्या अंगाचे?"

मी टायरवाल्याकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

जुने टायर परत आणावेत म्हटलं, तर चारही झोपाळे शाळेच्या झाडाला टांगले गेले होते आणि रविवार असूनही पोरांची रांग लागली होती. पोरांना झोपाळ्यावरून उतरवून टायर सोडवून आणणारा माणूस म्हणून मला पुढची बावीस वर्षं त्याच शाळेत मापं घ्यायला जायचं नव्हतं. दुकानात सव्वीसचे टायर नव्हते. गाडी एकला निघणार होती. आणि आई पिशवी घेऊन बसली होती.

"घाला हेच!" मी म्हणालो.

चाकं बसली. बसली म्हणजे बोल्ट लागले. विटा काढल्यावर गेंडा इतका उंच झाला की सीट माझ्या बरगड्यांपाशी आली. आणि हँडल जरा हलवलं की टायर मडगार्डला असा घासायचा, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"सांगितलं होतं," टायरवाला म्हणाला.

"सांगू नका, उपाय काढा!"

उपाय बायकोने काढला. ती खडू घेऊन आली, गेंड्याभोवती दोन चकरा मारल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मुंढ्यात धरतंय. मुंढा खोल करावा लागेल."

मुंढा म्हणजे शर्टाची बाही खांद्याला जोडतात तो गोल. मुंढा अपुरा पडला की हात वर होत नाही. बायकोच्या दृष्टीने गेंडा हे चार बाह्यांचं, जरा आडव्या अंगाचं गिऱ्हाईक होतं. तिने मडगार्डवर खडूने चार सुरेख अर्धगोल काढले, टायरवाल्याच्या हातात करवत दिली आणि स्वतः शेजारी उभी राहून, "रेषेवरून! रेषेच्या आत नको!" असं दटावत राहिली. प्लॅस्टिकचे चार तुकडे खाली पडले. कापलेल्या कडा कपड्यांना फाडतील म्हणून तिने त्यांना गणवेशाची निळी पट्टीसुद्धा चिकटवली. फिटिंग झकास झालं! टायरवाला माझ्या कानात म्हणाला, "वहिनींना दुकानात पाठवाल का?"

एकच अडचण राहिली. उजवीकडचा, पाय ठेवायचा लोखंडी पायटा मागे मी खांबावर आपटून वाकवला होता. हँडल उजवीकडे वळवलं की टायर त्याला जाऊन अडायचा.

"डावीकडे खुशाल वळा," टायरवाला म्हणाला. "उजवीकडे शक्यतो वळू नका."

"शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे वळताच येणार नाही."

आईला चढवायला आम्ही कापड बेतायच्या टेबलाजवळचं स्टूल आणलं. बायको एका बाजूला, टायरवाला दुसऱ्या बाजूला, मी वरून ओढतोय आणि ड्रायव्हर "हं, आता! हं, आता!" करतोय. तिसऱ्या प्रयत्नाला आई वर पोचली.

"आई, बरं वाटतंय ना?"

आई इकडेतिकडे पाहत म्हणाली, "शेजारणीचे माठ फुटलेत वाटतं. तिच्या परसात सगळी खापरं दिसतायत मला."

स्टूल मागच्या जाळीला पट्ट्याने बांधलं, आणि अकरा चाळीसला आम्ही निघालो. बायकोने हात हलवला. तिच्या चेहऱ्यावर शर्ट परत आल्यावर असतो तसा भाव होता.

पहिला अर्धा तास, खोटं कशाला सांगू, मी राजा होतो! खडी आली, गेंडा वरून गेला. चिखल आला, गेंडा वरून गेला. "बघितलंस आई? सगळीकडे चालणारे!" मी ओरडायचो आणि आई माझ्या पाठीला घट्ट धरून म्हणायची, "पुढे बघ."

पुढे उजवं वळण होतं.

डोंगराच्या वाटेवर वळण म्हणावं असं हे एकच, आणि तेही उजवं, काटकोनात. मी हँडल दाबलं. खर्रर्र! गेंडा थांबला. मागे घेतला, पुन्हा दाबलं. खर्रर्र! शेवटी डोकं चालवलं. उजवीकडे जायचं तर डावीकडून गोल फिरूनही जाता येतं की! शेजारी गवताचं सपाट माळरान होतं. मी डावीकडे वळलो, आणखी डावीकडे, आणखी डावीकडे. पण अंदाज चुकला आणि पुन्हा होतो तिथेच आलो. दुसरी फेरी मोठी घेतली, तर थेट वाट ओलांडून पलीकडे गेलो. तिसऱ्या फेरीला झाडाखाली बसलेली एक शेळ्यावाली उठून उभी राहिली.

"काही हरवलंय का?"

"नाही गं बाई," आई वरून म्हणाली. "आम्हाला उजवीकडे जायचंय."

शेळ्यावालीने विचार केला. "मग उजवीकडे का नाही जात?"

"मुंढ्यात धरतंय," आई म्हणाली.

चौथ्या फेरीला जमलं. शेळ्या तोपर्यंत पांगल्या होत्या आणि घड्याळात साडेबारा वाजले होते.

मग चढ लागला. टायरवाल्याचा एकेक शब्द खरा व्हायला लागला. मोठी चाकं फिरवताना इंजिन असं धापा टाकायला लागलं, की मलाच घाम फुटला. पहिल्या गिअरमधे, गोगलगायीच्या चालीने आम्ही चढत होतो. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्या शेजारून चालत वर गेले. जाताना त्यांनी आईला नमस्कार केला.

"मी उतरू का रे?" आईने विचारलं.

"उतरलीस तर पुन्हा चढवायला माणसं कुठून आणू?"

एक वाजला तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. आईने वेळ विचारली नाही. पण तिला एक वाजल्याचं कळलंय हे मी ओळखलं, कारण पाठीवरची तिची पकड सैल झाली.

"आई, गाड्या कधी वेळेवर निघतात का?" मी म्हणालो.

"मावशी वेळेची पक्की आहे," आई म्हणाली. "सव्वीस वर्षांत एकदा उशिरा आली नाही."

उतारावर मी गेंडा सुसाट सोडला. खाली ओढा होता, आणि त्याला नेहमीच्या दुप्पट पाणी होतं. जुने टायर असते तर आम्ही काठावरूनच परत फिरलो असतो. सव्वीसवरही मी पाण्यात पाऊल टाकलं नसतं. पण तीसवर? मी डोळे मिटले आणि मूठ पिळली. गेंडा पाण्यातून असा गेला, असा गेला, की मी आनंदाने किंचाळलो! फक्त एक विसरलो होतो. मडगार्डं चिखल अडवायला असतात, आणि ती बायकोने कापून घेतली होती. चारही चाकांनी ओढ्याच्या तळातला गाळ उचलून आमच्यावर ओतला. शर्टाचं एक बटण तुटून उडालं. पलीकडे निघालो तेव्हा माझे फक्त डोळे दिसत होते, आईचे ठेवणीतले कपडे कुठल्या रंगाचे होते ते आठवावं लागत होतं, आणि स्टूल वाहून गेलं होतं.

दीड वाजून गेला होता.

"चल परत," आई हळूच म्हणाली. "गेली असेल ती."

तीन वर्षं हिला भेटवू म्हणत राहिलो. आणि भेटवायची वेळ आली तेव्हा मी गवतात गोल गोल फिरत बसलो! माझी मलाच अशी लाज वाटली, की काय सांगू. तरी म्हटलं, एवढं आलोय तर निदान घर तरी बघू. मी तसाच पुढे गेलो.

फाटक उघडं होतं. आणि आवारात, दारापासून दहा हातांवर, मुलाची पांढरी चकचकीत गाडी उभी होती. उभी कसली, रुतली होती! मागची दोन्ही चाकं अर्धी चिखलात. मुलगा बाह्या सरसावून चाकाखाली फळी घालत होता. आणि मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ बसली होती बटणमावशी. बरोबर एक वाजल्यापासून!

मावशीने काचेतून आमच्याकडे पाहिलं. मग दार उघडून बाहेर आली, मान वर करून निरखत राहिली.

"कोण आहे?"

"मी आहे गं!"

"तू? तिथे कुणी चढवलं तुला?"

"चौघांनी."

"खाली ये!"

"कशी येऊ? स्टूल वाहून गेलं!"

मावशीने मागे वळून मुलाला हुकूम सोडला, "माझी ट्रंक काढ." त्या बिचाऱ्याने सकाळपासून रचून, दोऱ्या आवळून गाडीत बसवलेली ट्रंक ओढून काढली आणि गेंड्याशेजारी ठेवली. आई ट्रंकेवर उतरली, ट्रंकेवरून जमिनीवर उतरली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मावशीचे प्रवासाचे कपडेही चिखलाने भरले. मग दोघी रडल्या, आणि मग एकमेकींची तोंडं बघून इतक्या हसल्या, की त्यांना ट्रंकेवरच बसावं लागलं.

मुलगा माझ्याकडे आला. त्याची नजर टायरांवर होती. तहानलेल्या माणसाने पाण्याकडे बघावं तसा तो बघत होता.

"देवासारखे आलात! दोर आहे माझ्याकडे. एका झटक्यात निघेल गाडी."

"हात्तिच्या! त्यात काय!" मी म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या टायरांची कदर करत होतं. "हे टायर म्हणजे..."

तेवढ्यात आईने माझी बाही ओढली. बाजूला नेलं आणि कानात म्हणाली, "टायर लहान पडतात म्हणून सांग."

"काय?"

"लहान पडतात म्हणून सांग. कळतं का तुला काही?"

मी आईकडे पाहिलं. चिखलातून तिचे डोळे लुकलुकत होते. मला कळलं. पण मापात न चुकणारा माणूस मी! तीस इंची टायरांना हात लावून, दिवसाढवळ्या, लहान म्हणायचं?

मी परत आलो. घसा खाकरला. "नाही जमायचं हो. टायर लहान पडतात."

मुलाने टायर पाहिले. ते त्याच्या मांडीपर्यंत येत होते. "हे लहान?"

"दोन इंच कमी पडले. नाहीतर ओढली असती."

तो काही बोलणार होता. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून, एकमेकींच्या गुडघ्यांना शिव्या देत पायरी चढत होत्या.

"हो," तो म्हणाला. "जवळून बघितलं तर वाटतात खरे लहान." आणि दोर परत गाडीत टाकून चहाचं आधण ठेवायला आत गेला.

मावशीने ट्रंक उघडायला लावली, कारण बटणांचा डबा सगळ्यात तळाशी होता. माझा शर्ट काढून घेतला, धुतला, वाळवला. तुटलं होतं नेमकं चौथं बटण! आता भांडण होणार म्हणून मी सरसावून बसलो. पण मावशी म्हणाली, "तू लाव." आई म्हणाली, "नाही, तू लाव." सव्वीस वर्षांत ज्या बटणावरून रोज ठिणगी पडली ते कुणीच घेईना! तासभर मी बनियनवर बसून होतो. शेवटी बटणाला चार भोकं असतात हे दोघींच्या लक्षात आलं. दोन भोकं मावशीने शिवली, दोन आईने. खिडकीत, शेजारी शेजारी बसून. मी बाहेर गेलो आणि उगाच टायरांची हवा तपासली. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. चिखलच असेल.

पाच वाजता आईने स्वतःच बाहेर येऊन सांगितलं, "आता ओढ."

मुलगा दोर घेऊन तयार होता. "काय म्हणता, आता वाढले असतील का दोन इंच?"

"असतील," मी म्हणालो. "वाढत्या अंगाचे आहेत."

दोर बांधला. मूठ पिळली. गाडी एका झटक्यात, काही कुरकुर न करता बाहेर आली. मुलाने टाळी दिली. ट्रंक पुन्हा चढली, मावशी मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली. काच खाली करून ती आईला म्हणाली, "गुडघ्यांना शेक देत जा." आई म्हणाली, "तू पण." आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

आईला मी पायरीवरून गेंड्यावर चढवलं आणि आम्ही परत निघालो. ते वळण आता डावीकडे होतं. शेळ्यावाली हात करून थांबली होती, पण आम्ही सरळ निघून गेलो, त्यामुळे तिची जरा निराशा झाली असावी. घर दिसायला लागल्यावर आई बोलली.

"गाडी फार पटकन निघाली रे."

"मग! टायर कसले आहेत!"

"तेच म्हणते," आई म्हणाली. "टायर जरा मोठेच घेतलेस तू. दोन इंच कमी चालले असते."